करिझ्मा एक्सएमआर २१०: पहिली लांबची राईड, आणि दोघांनी हंपीला जायचा प्रश्न

निळा_हेल्मेट | १४ जानेवारी २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, संक्रांतीच्या आदल्या रात्री धागा काढतोय त्यामुळे निदान दोन दिवस तरी गोड बोला ;)

दिवाळीनंतर हिरोची करिझ्मा एक्सएमआर ही बाईक घेतली. रनिंग-इन (नवीन गाडीचे सुरुवातीचे जपून चालवायचे किलोमीटर) उरकलं, पहिलं सर्व्हिसिंग झालं आणि मागच्या वीकेंडला तिला एकदाची पुण्याबाहेर काढली. पुणे - कोल्हापूर - आंबा घाट - रत्नागिरी, मुक्काम, आणि परत येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराड - पुणे. म्हणजे सरळ हायवे, दोन घाट, आणि संगमेश्वरच्या आसपासचं ते न संपणारं चौपदरीकरण, सगळं एकाच फेरीत.

आधी इंजिन. २१० सीसी, लिक्विड कूल्ड, डीओएचसी (म्हणजे दोन कॅमवालं), ताकद २५.५ पीएस. कागदावर वाचलं होतं की पूर्ण ताकद ९२५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येते, पण त्याचा अर्थ खंबाटकी चढताना कळला. चार हजारापर्यंत गाडी एकदम शहाण्या मुलासारखी वागते, सहा-साडेसहाच्या पुढे मात्र आवाजही बदलतो आणि ओढही. हायवेला ९०-१०० ला तिच्यावर अजिबात ताण वाटत नाही, ओव्हरटेकला एक गिअर खाली टाकला की काम होतं. आंबा घाटात एसटीच्या मागे अडकलो तेव्हा तिसऱ्यात ओढेल असं वाटलं होतं, नाही ओढलं तसं, दुसरा टाकावा लागला. क्लच मात्र इतका हलका आहे की दिवसभर असं खालीवर करूनही डावा हात दुखला नाही.

बसायची पोझिशन मला सगळ्यात आवडली. दिसायला पूर्ण स्पोर्ट्स बाईक, पण हँडल बऱ्यापैकी वर, मनगटांवर वजन येत नाही. पुढची काच वरखाली करता येते. वर केली की छातीवरचा वारा गायब, पण माझी उंची ५ फूट १० असल्याने तो सगळा वारा हेल्मेटच्या वरच्या भागावर येऊन घूंऽऽऽ करत बसतो. काच खाली घेतली तर आवाज कमी, छातीला वारा जास्त. मी शेवटी खालीच ठेवली.

ब्रेक, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारं), मस्त. कराडच्या अलीकडे एक म्हातारबा सायकल हातात धरून बघितल्या न बघितल्यासारखं करून आडवे गेले, तिथे पहिल्यांदा एबीएसची थरथर पायाला लागली. गाडी सरळ रेषेत थांबली, म्हातारबांनी मान हलवून पावती दिली.

मायलेज साधारण पस्तीसच्या आगेमागे पडलं. टाकी ११ लिटरची.

आता प्रश्न. फेब्रुवारीत बायकोला घेऊन हंपीला जायचं आहे. दोघं, चार दिवसांचे कपडे, कॅमेरा. ही गाडी त्याला पुरेल का? आणि सामान कसं बांधायचं? ज्यांनी २००-२५० सीसीवर डबलसीट लांबचा प्रवास केलाय त्यांनी लिहा.

सातारी_कंदी | १४ जानेवारी, रात्री ९:५२

मी पयला!

तुम्ही साताऱ्यावरून गेलात आणि आला पण, आणि एक हाक नाही. निषेध.

रिझर्व्हला_लागली | १४ जानेवारी, रात्री १०:१५

धाग्याचं नाव वाचून डोळे भरून आले राव. माझ्याकडे जुनी करिझ्मा आहे, पहिल्या पिढीतली, पिवळी. हो, अजून आहे, अजून पळते. २००३ साली आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक लागली की वर्ग रिकामा व्हायचा.

निळा, तू घाटातला जो मुद्दा लिहिलास ना तो फार महत्त्वाचा आहे आणि नवीन गाडीच्या कौतुकात कोणी बोलत नाही. जुनीला २२३ सीसी, साधं एअर कूल्ड इंजिन, पॉवर फक्त १७ पीएस. पण ती १७ यायची ७००० ला. तुझ्यापेक्षा सव्वादोन हजार आरपीएम खाली. त्यामुळे घाटात चौथ्यात टाकायची आणि विसरायची. वरच्या टोकाला काही नव्हतं हे मान्य, ११० नंतर तिची आणि माझी दोघांचीही इच्छा संपायची. पण आपल्याकडे ११० च्या पुढे रस्ता असतो कुठे?

आणि टाकी १५ लिटरची होती. टाकीखालचा कॉक फिरवून रिझर्व्हला (तळाशी राखलेल्या पेट्रोलवर) घ्यायची, मग निवांत पंप शोधायचा.

गिक्सर_गण्या | १४ जानेवारी, रात्री १०:३१

कॉक फिरवून रिझर्व्ह =)) आजच्या पोरांना विचारलं तर गूगल करतील.

अभिनंदन निळा. माझ्याकडे सुझुकीची जिक्सर एसएफ २५०, २०१९ पासून. तुझ्या गाडीच्या सगळ्यात जवळची हीच, त्यामुळे थोडं तुलनात्मक. माझी २६.५ पीएस, १६१ किलो, तुझी २५.५ आणि १६३.५. म्हणजे कागदावर बहिणी. फरक असा की माझं इंजिन ऑइल कूल्ड, सिंगल कॅम, आणि ४० सीसी जास्त, त्यामुळे मधल्या आरपीएमला ओढ जरा बरी. मी मित्राची एक्सएमआर कात्रजच्या जुन्या घाटात चालवून बघितली, वरच्या टोकाला तुझी जास्त मजा देते आणि गिअर पटपट पडतात. पण दिवसभर चालवायची म्हटली तर मी माझीच घेईन. माझी आहे म्हणून नव्हे. (म्हणूनच.)

हंपीचं उत्तर: जाईल. आरामात जाईल. प्रश्न गाडीचा नाही, मागे बसणाऱ्या माणसाचा आहे.

डॉमिनारदादा | १४ जानेवारी, रात्री १०:५८

दोन माणसं + सामान + साडेपाचशे किलोमीटर एका बाजूला. मित्रा यासाठी बजाजची डॉमिनार ४०० असते. ४० पीएस, लॉट ऑफ टॉर्क, मागे बॅकरेस्ट, कॅरिअर, मोठी काच, सगळं कंपनीकडूनच. ऑनरोड थोडे जास्त पैसे टाकले असते तर हा धागाच काढावा लागला नसता.

नाशिक - पुणे - गोकर्ण केलंय डबलसीट. बायको मागे झोपली होती.

सातारी_कंदी | १४ जानेवारी, रात्री ११:०२

आला! मी घड्याळ लावून बसलेलो. टूरिंगचा धागा निघाल्यापासून डॉमिनार यायला सव्वा तास. दादा म्हातारे झाले.

डॉमिनारदादा | १४ जानेवारी, रात्री ११:०६

पतंगाचा मांजा करत होतो.

मीनल_रा | १४ जानेवारी, रात्री ११:२०

"बायको मागे झोपली होती" हे वाक्य तिच्याकडून ऐकायला आवडेल.

निळा_हेल्मेट | १५ जानेवारी, सकाळी ७:१०

तिळगूळ घ्या सगळे.

दादा, डॉमिनार बघितली होती. तीसेक किलो जड आहे हो. आमच्या सोसायटीच्या उतारावरून रोज सकाळी ती मागे ओढून काढायची हे डोळ्यासमोर आलं आणि मी घरी आलो. वर्षातले बाकीचे दिवस मी हिंजवडीला जातो, हंपीला नाही.

@रिझर्व्हला_लागली, जुनीवर तुम्ही डबलसीट किती लांब गेलाय?

रिझर्व्हला_लागली | १५ जानेवारी, सकाळी ९:४५

तेव्हाच्या मैत्रिणीबरोबर अलिबाग, आताच्या बायकोबरोबर गणपतीपुळे. माणूस एकच आहे, गैरसमज नको. ती सीट सलग होती, पाट टाकल्यासारखी. आता सगळ्या गाड्यांना मागची सीट वेगळी आणि वर चढलेली. मागचा माणूस आपल्या डोक्यावरून रस्ता बघतो, आणि ब्रेक दाबला की आपल्या पाठीवर.

अवांतर: २००९ ला करिझ्मा झेडएमआर आली, फ्युएल इंजेक्शनवाली, फुल फेअरिंग (पुढून बाजूंपर्यंत वारा अडवणारं कवच). तेव्हा लोकांना वाटलं आता पुढे २५० येईल, ३०० येईल. मग हिरो आणि होंडाचीच फारकत झाली आणि सगळं थांबलं. मधली बारा-तेरा वर्षं आम्ही फक्त फोटो शेअर केले. त्यामुळे ऑगस्टमध्ये नवीन आली तेव्हा आमच्या ग्रुपवर चाळिशी पार केलेली माणसं लहान पोरांसारखी वागत होती. त्यातल्या कोणी घेतली? कोणीच नाही. सगळ्यांनी स्कूटर घेतल्या. पाठ.

नागपुरी_संत्रा | १५ जानेवारी, सकाळी ११:३०

राजेहो तुमचे लाड आहेत. घाट आहे, कोकण आहे, कुठंही अडीच तासात वळणं सुरू. आमच्याकडं इकडून वर्धा, तिकडून अमरावती, सरळ रेषा. आणि जो एक रस्ता टूरिंग गाडीसाठी बनल्यासारखा आहे त्या समृद्धीवर दुचाकीला बंदी. नागपूर - शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये चालू झाला, मी लय खुश झालो, बॅग भरून ठेवली, मंग कळलं बाइक नाही चालत. आता जुन्याच रस्त्यानं कारंजा - मेहकर करत जा.

काहून स्पोर्ट टूरिंग (लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी) म्हणायचं मंग?

एक_अंधेरीकर | १५ जानेवारी, दुपारी १:०५

संत्रा, तुम्ही एकटे नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ पासून चालू आहे, दुचाकी नाही. सी लिंक, नाही. आणि परवा शुक्रवारी अटल सेतूचं उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून, आमच्या ऑफिसातल्या सगळ्या गाडीवाल्यांनी शनिवारी जाऊन सेल्फी टाकले. दुचाकी? नाही. आम्ही आपले वाशी पुलावरून, ट्रकच्या धुरात.

कारवाला_काका | १५ जानेवारी, दुपारी १:२०

बंदी योग्यच आहे. समुद्रावरचा आडवा वारा, १०० चा वेग, आणि त्यात आपल्याकडचे बिनहेल्मेटचे तिघेतिघे. तुम्ही इथले दहा जण शिस्तीत चालवत असाल, नियम सगळ्यांसाठी असतो.

बाकी ऑनरोड दोन लाखाच्या वर टाकून पाऊस, धूळ आणि पाठदुखी विकत घ्यायची म्हणजे कमाल आहे. तेवढ्यात सेकंडहँड वॅगनार येते. एसी असतो तिच्यात.

गिक्सर_गण्या | १५ जानेवारी, दुपारी १:२८

काका, वॅगनार घेऊन आंबा घाटात जाऊन या, आणि चेहऱ्यावर हसू आलं तर फोटो टाका.

बंदीचं म्हणाल तर सरसकट बंदीपेक्षा सीसीची अट घाला, हेल्मेट-जॅकेटची अट घाला, टोल घ्या. आम्ही देऊ टोल. फुकट जाणारा म्हणून आपल्याला त्या टोलनाक्याच्या डाव्या कडेच्या बोळातून जावं लागतं ना, जिथे जगातली सगळी खडी गोळा झालेली असते, त्यापेक्षा पैसे दिलेले परवडले.

कारवाला_काका | १५ जानेवारी, दुपारी १:४१

अट कोण तपासणार? हिंजवडीच्या सिग्नलला उभे राहून सांगा.

म्युनिकचा_मधू | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

इथे ऑटोबानवर बाइक चालते, आणि तरी मी तिथे जात नाही, ही गंमत सांगायला लॉगिन झालो.

माझ्याकडे यामाहाची ट्रेसर ९ जीटी आहे. खरं म्हणजे "आहे" असं मार्चमध्ये म्हणायचं, सध्या ती गॅरेजमध्ये झोपलेली आहे. इथे सीझनची नंबरप्लेट मिळते, माझ्या प्लेटवर ०३ आणि १० असे आकडे आहेत, मार्च ते ऑक्टोबर. तेवढ्याच महिन्यांचा टॅक्स आणि इन्शुरन्स. बाकीचे चार महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करायलाही परवानगी नाही. तुम्ही जानेवारीत रत्नागिरीला जाऊन आलात हे वाचून जळजळ झाली, इनो घेतलाय.

तर ऑटोबान. पहिल्या उन्हाळ्यात हौस म्हणून जोरात चालवून बघितली. अर्ध्या तासात मान आखडते, पेट्रोल डोळ्यासमोर खाली जातं, आणि बघायला काही नाही. सगळे बाइकवाले ऑटोबान फक्त आल्प्सपर्यंत पोचायला वापरतात. खरी मजा पुढच्या घाटात, आणि तिथे वेग काय असतो? ५० ते ९०. तुमच्या कुंभार्लीइतकाच. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या एका बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत, तिथे माझे ११९ पीएस बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नुसते बसून असतात.

या स्पोर्ट टूरिंग जातीच्या गाड्यांचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस १९७६ साली आली, कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग घेऊन. ती फेअरिंग इटलीच्या पिनिनफरीना कंपनीच्या विंड टनेलमध्ये घडवली होती. इंजिन ७० पीएस, तेव्हाच्या जपानी गाड्यांपुढे फार काही नाही. पण लोक तिच्यावर बसून दिवसभर चालवायचे आणि संध्याकाळी ताठ उतरायचे, कारण वारा अंगावर येत नव्हता. पहिल्यापासून काम काचेचं आणि बसण्याचं आहे, पॉवरचं नंतर. त्यामुळे निळा, तू पोस्टमध्ये इंजिनवर एवढा परिच्छेद लिहिलास आणि काचेवर चार ओळी, मी उलटं केलं असतं.

हेल्मेटवर वारा येतोय त्यावर एक उपाय: कानात इअरप्लग घाल. मस्करी नाही. घूंऽऽऽ मुळे जेवढा थकवा येतो तेवढा सीटमुळे येत नाही. हॉर्न, ट्रक, सगळं ऐकू येतं, फक्त वाऱ्याची धार जाते.

सातारी_कंदी | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

दंडवत मधूशेठ. वाखु (वाचनखूण) साठवली.

पण इअरप्लगबद्दल शंका आहे. इथं हॉर्न ऐकू येणं हाच जिवंत राहायचा मुख्य उपाय आहे.

म्युनिकचा_मधू | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

फोमवाले जोरात बंद करतात, ते नको. बाइकसाठी फिल्टरवाले मिळतात. आणि भारतात आलो की मी एकच कानात घालतो, उजवा मोकळा :)

अजून एक अवांतर, आवाजावरून आठवलं. ऑस्ट्रियात टिरोलच्या रॉयटे भागातल्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वर नोंद असलेल्या बाइकना बंदी आहे. गाडी हळू चालवली तरी चालत नाही, कागदावरचा आकडाच बघतात. तेव्हा बंद्या सगळीकडे आहेत संत्राभाऊ, कारणं वेगळी.

नागपुरी_संत्रा | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:४४

आमच्या गल्लीत बुलेटवाले फटाके फोडत जातात, त्याईले पाठवा तिकडं.

कोयनेची_पोर | १६ जानेवारी, सकाळी ८:२०

कुंभार्लीचं नाव आलं म्हणून लिहितेय, आमचं माहेर पोफळीचं आणि सासर पाटणचं, मी घाटाच्या दोन्ही टोकांना बांधलेली आहे.

निळा दादा, तुम्ही दिवसा आलात म्हणून बरं. आत्ता ऊसाचा हंगाम आहे. पाटण - कराड आणि पुढे हायवेला संध्याकाळनंतर ट्रॅक्टर आणि त्याला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला चार फूट बाहेर, आणि मागे दिवा तर सोडाच, रेडियमचा तुकडाही नाही. कार असली तर पत्रा जातो, बाइकवर पहिलं आपणच. त्यात हायवेचं सहापदरीकरण चालू आहे, डायव्हर्जन कधी डावीकडे कधी उजवीकडे. हंपीला जाताना फेब्रुवारीत पण हंगाम चालूच असेल, त्यामुळे अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं हे एकदा ठरवून टाका, मग गाडी कुठली पण असू दे.

माझ्याकडे स्प्लेंडर आहे. घाट तिच्यावरच शिकले. तिला स्पोर्ट टूरिंग म्हणायची माझी तयारी आहे.

सातारी_कंदी | १६ जानेवारी, सकाळी ८:३५

ट्रॉलीवाल्याला ऐकूच जात नाही हे पण लिहा ताई. पुढे कर्ण्यावर गाणी, मागे आपण हॉर्न देतोय. कानात प्लग त्यालाच आहेत.

डॉमिनारदादा | १६ जानेवारी, सकाळी १०:१०

ताईंशी शंभर टक्के सहमत. नाशिककडे पण हेच, ऊसाच्या जागी कांद्याचे ट्रॅक्टर.

आणि हेडलाइटबद्दल निळाने काहीच लिहिलं नाही. एलईडी ना?

निळा_हेल्मेट | १६ जानेवारी, दुपारी १२:३०

एलईडी. पुण्यात शिरताना अंधार पडला होता, कात्रज बायपासला तेवढ्यापुरती बघितली. झोत पांढरा आणि रुंद. पण हायवेला समोरून येणारे सगळे अपरवर असतात त्यामुळे आपल्या गाडीची लाइट चांगली की वाईट हे ठरवायला मिळतच नाही. पाऊस-धुक्यात कळेल.

मधू, काचेचं मान्य. अजून थोडा प्रयोग केला. काच वर ठेवून मी सीटवर चार बोटं मागे सरकून बसलो तर घूंऽऽऽ बरंच कमी होतंय, वाकायची गरज नाही. पण मागे बायको असताना मागे सरकायला जागा कुठून आणायची?

ते मीटरवरचं नॅव्हिगेशनही वापरलं, फोन ब्लूटूथने जोडून. बाण आणि अंतर दिसतं, नकाशा नाही. मला तेवढंच बरं वाटलं, डोळे रस्त्यावर राहतात. मलकापूरला एक वळण चुकलं असतं ते वाचलं.

यझदी_आजोबा | १६ जानेवारी, दुपारी ४:००

आम्ही १९८४ साली यझदी रोडकिंगवर कोल्हापूरहून हंपीला गेलो होतो, दोघं, आणि वळकटी. बाण नव्हता, लोकांना विचारायचो. कन्नड येत नव्हतं, तरी पोचलो. टू-स्ट्रोकला ऑइल बरोबर न्यावं लागे, ते सौ. च्या मांडीवर.

गाड्या चांगल्या झाल्यात, माणसं नाजूक झालीत. चालू द्या.

मीनल_रा | १६ जानेवारी, रात्री ९:३०

आजोबा, सौ. ना पण लॉगिन काढून द्या, आम्हाला त्यांच्याकडून ऐकायचंय.

आता मूळ प्रश्नावर कोणीतरी येऊ या का? मी दोन्ही बाजूंनी सांगू शकते. स्वतः टीव्हीएसची आरआर ३१० चालवते, आणि नवऱ्याच्या गाडीवर मागेही भरपूर बसले आहे, त्यामुळे मागच्या सीटबद्दल मला जास्त माहिती आहे इथल्या सगळ्या दादांपेक्षा.

एक, अशा गाडीवर मागे बसणाऱ्याला धरायला काय आहे ते आधी बघा. पुढच्याच्या कमरेला धरून अख्खा दिवस बसता येत नाही, हात गळून जातात. ब्रेकला दरवेळी टाकीवर हात टेकायला लागतो, त्यामुळे टाकीवर बॅग लावत असाल तर तिच्यावर हात टेकवता येईल अशी मऊ आणि बसकी लावा, मोठा बुरूज नको. दुसरं, गुडघे. वर चढलेल्या सीटला फूटपेग पण वर असतात, दीड तासाने गुडघ्याला कळतं. दर तासाला, तिने सांगायच्या आधी, थांबायचं. "अजून वीस किलोमीटर" हे वाक्य लग्नं मोडतं.

सामान. दोघं असाल तर मागच्या सीटवर काही बांधता येणार नाही, म्हणजे सॅडलबॅगच. त्या दोन्ही बाजूंना लोंबतात, उजवीकडे सायलेन्सर आहे. बॅग खाली सरकून सायलेन्सरला लागली की जळते, आणि ते लगेच कळत नाही, वास येईपर्यंत कपडे गेलेले असतात. एकतर आतून आधाराची पट्टी लावून घ्या नाहीतर उजवीकडची बॅग अर्धी भरा. आणि मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या निघायच्या आधी, टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटला लिहिली असेल तेवढी. नाही केलं तर पुढचं चाक हलकं लागतं आणि हेडलाइट झाडावर जाते.

आणि निघायच्या आधी तिला एक दिवसभराची चाचणी द्या. महाबळेश्वर, भोर, काहीही. तिला बसवून बघा, नाहीतर इथे आम्ही ११ लिटर आणि १५ लिटरवर भांडत बसू आणि तुम्ही विजापुरातून तिला एसटीने परत पाठवाल.

गिक्सर_गण्या | १६ जानेवारी, रात्री ९:४८

हा खरा प्रतिसाद. बाकी आमच्या जिलब्या.

साखळीचं राहिलं. डबलसीट लोडमध्ये चेन लवकर सैल पडते. छोटा ल्यूबचा डबा ठेव, साधारण पाचशे किलोमीटरला, म्हणजे पोचल्यावर एकदा आणि परत आल्यावर एकदा. ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि छोटा पंप, चार्जिंगवाला. सोलापूर सोडलं की दोन गावांच्या मधे तासतासभर काही नसतं.

रस्ता कुठला घेतोयस?

निळा_हेल्मेट | १७ जानेवारी, सकाळी ७:४०

मीनलताई, प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय. बायकोने वाचलं आणि म्हणाली "ह्यांना विचार कुठला सॅडलबॅगचा ब्रँड". रविवारी भोर - महाड - ताम्हिणी असा फेरा ठरलाय चाचणीसाठी.

रस्ता: कोल्हापूर - हुबळी - गदग असं डोक्यात होतं.

सोलापुरी_चादर | १७ जानेवारी, सकाळी ९:१५

चुकीचं डोक्यात आहे. त्या बाजूला सहापदरीचं काम, ऊस, सगळं वर लिहिलंय तेच. आमच्याकडून या. पुणे - सोलापूर अडीचशे, सरळ चौपदरी. मग विजापूर शंभर. तिथे मुक्काम, संध्याकाळी गोल घुमट बघा, मोहम्मद आदिलशहाची कबर, वरच्या गॅलरीत एका बाजूला कुजबुजलं की समोरच्या बाजूला ऐकू येतं. बायको मागे बसून दिवसभर जे बोलली आणि हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही ते तिथे ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी आलमट्टी, कूडलसंगम करत होस्पेट, दोनशेच्या आसपास. रस्ता इतका चांगला आणि रिकामा आहे की गाडीची ९००० आरपीएमची हौस पण भागेल, पण गावांच्या बाहेर गतिरोधक न रंगवलेले असतात, जपून.

तोटा एकच. एक पण घाट नाही.

रिझर्व्हला_लागली | १७ जानेवारी, सकाळी १०:०५

मग गाडी कशाला, एसटीने जा :D

निळा, परतीला घाट पाहिजे असेल तर विजापूरहून जत - कराड करत कुंभार्लीला येता येतं, तो गुहागर - विजापूरच रस्ता आहे. थोडं लांब पडेल, पण चिपळूणला मासे मिळतील.

कोयनेची_पोर | १७ जानेवारी, सकाळी १०:२०

आणि पाटणला चहा. पण दिवसा या.

निळा_हेल्मेट | १७ जानेवारी, दुपारी १:१०

जाताना सोलापूर, येताना जत - कराड. फिक्स. एक दिवस रजा वाढवायला लागेल, साहेबांना सांगायला कारण सुचवा.

डॉमिनारदादा | १७ जानेवारी, दुपारी १:२२

सांग गाडी लहान आहे म्हणून वेळ लागतो. डॉमिनार असती तर रजा वाचली असती.